पाठलाग करणाराचें आत्मसंरक्षण

आपल्या व शेजाऱ्याच्या घराचें रात्रीं रक्षण करावें, चोर दिसल्यास आरोळी द्यावी, आणि प्रसंग पडल्यास स्वतःच्या जिवाकरितां शस्त्रहि उचलावें, हा मनुष्यमात्राचा हक्क आहे. व तो नाकारणारें राज्य आपल्या प्रजेस मेंढरें समजतें असें आम्ही खुशाल म्हणूं. ही गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या खटल्याविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे, त्याविषयीं कोणी तोंड उघडलें कीं, "तुम्हांस आत्मसंरक्षणाचा हक्कच नको काय?" असा प्रश्न टाकून त्यास गप्प बसविण्याची वहिवाट पडली आहे. हक्क आम्हांस पाहिजे. परंतु तो कोणाचा, तो केव्हां सुरू होतो आणि कोठें संपतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लोरिडांत सन २०१२ सालीं सतरा वर्षांचा एक मुलगा ज्या रीतीनें प्राणास मुकला व त्यास मारणारा ज्या रीतीनें सुटला, ती हकीकत या प्रश्नाच्या उलगड्यास जितकी उपयोगी आहे, तितकी दुसरी क्वचितच सांपडेल.

सॅनफर्ड शहरांत चोहोंबाजूंनीं कुंपण व फाटक असलेली एक वसाहत आहे. सन २००८ च्या सुमारास अमेरिकेंत घरांचा बाजार कोसळला, तेव्हां या वसाहतींतील किंमतीहि कोसळल्या. पुष्कळ घरें भाडेकऱ्यांच्या हातीं गेलीं, आणि पुढें तेथें घरफोड्या होऊं लागल्या. चोर घरांत हिंडत असतां एक बाई आपल्या तान्ह्या मुलास घेऊन खोलींत दडून बसली होती, असें पुढें न्यायालयांत शपथेवर सांगण्यांत आलें. तेव्हां वसाहतींतील लोकांचें भय केवळ मनाचा खेळ होता असें आम्ही म्हणत नाहीं. या भयापोटीं रहिवाश्यांनीं पोलिसांच्या साह्यानें पहारा मंडळ काढलें, व जॉर्ज झिमरमन नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा गृहस्थ त्याचा प्रमुख झाला. अशीं मंडळें काढण्याची चाल शेरीफांच्या राष्ट्रीय संघानें सन १९७२ पासून पद्धतशीर सुरू केली. तिचा नियम सोपा आहे: डोळे व कान उघडे ठेवावे, पोलिसांस कळवावें, हत्यार बाळगूं नये, कोणाच्या मागें लागूं नये. सॅनफर्डच्या पोलिसांनींहि लोकांस हेंच समजावून सांगितलें होतें. झिमरमनच्या कमरेस पिस्तूल होतें. सरकारी परवाना असल्यामुळें कायद्याचा भंग त्यांत नव्हता. मंडळाच्या रीतीचा भंग मात्र होता.

२६ फेब्रुवारी २०१२, रविवार. संध्याकाळचे सात वाजून गेले होते व पाऊस पडत होता. ट्रेव्हॉन मार्टिन नांवाचा कृष्णवर्णी मुलगा आपल्या वडिलांबरोबर याच वसाहतींतील एका घरीं पाहुणा म्हणून राहिला होता. तो दुकानांतून गोळ्यांची एक पुडी व सरबताचा डबा घेऊन परत येत होता. अंगांतल्या सदऱ्याची टोपी पावसामुळें डोक्यावर ओढलेली, आणि कानाशीं मैत्रिणीशीं बोलण्याचें यंत्र. झिमरमननें त्यास आपल्या मोटारींतून पाहिलें व पोलिसांस दूरध्वनीवरून कळविलें कीं, एक संशयित इसम पावसांत उगाच हिंडत आहे. असले लोक नेहमीं निसटून जातात, असेंहि तो शिवी देऊन बोलला. मुलगा पळूं लागला तेव्हां हा मोटारींतून उतरला. तुम्ही त्याच्या मागें जात आहां काय, असें पोलिसांच्या कारकुनानें विचारलें. होय, असें उत्तर आलें. आणि आम्हांस त्याची आवश्यकता नाहीं, असें कारकुनानें सांगितलें. पोलिस निघालेच होते. हें बोलणें सुरू झाल्यापासून सातआठ मिनिटांच्या आंत एक गोळी सुटली, ती मुलाच्या छातींत लागली, आणि उतरलेल्या घरापासून हांकेच्या अंतरावर तो मरून पडला. पहिला शिपाई गोळी सुटल्यानंतर जेमतेम मिनिटाभरांत तेथें पोंचला. मुलापाशीं कोणतेंहि हत्यार सांपडलें नाहीं.

दुसरी बाजूहि जशीच्या तशी सांगितली पाहिजे. झिमरमनच्या नाकास दुखापत झाली होती व डोक्याच्या मागें जखमा होत्या. आपण मोटारीकडे परतत होतों, मुलानेंच हल्ला केला व आपलें डोकें फरसबंदीवर आपटलें, असें त्यानें पोलिसांस सांगितलें. झटापटींत मुलगा वर होता अशी एका शेजाऱ्याची साक्ष पडली. झटापटीस आरंभ कोणीं केला, हें पाहणारा एकहि साक्षीदार पुढें आला नाहीं. दोघांपैकीं एक मेला होता. दुसऱ्यानें खटल्यांत साक्षीच्या पिंजऱ्यांत पाऊल ठेवलें नाहीं, व तसा त्याचा हक्क होता.

त्या रात्रीं पोलिसांनीं झिमरमनला ठाण्यावर नेलें, कांहीं तास प्रश्न विचारले आणि घरीं जाऊं दिलें. कारण फ्लोरिडाच्या सन २००५ च्या कायद्याप्रमाणें, आत्मसंरक्षणार्थ बळ वापरलें असें म्हणणाऱ्यास, तें बळ बेकायदा होतें असें मानण्यास सबळ कारण असल्यावांचून अटक करतां येत नाहीं. दीड महिना असा गेला. गांवोगांवीं सभा भरल्या, मिरवणुका निघाल्या. मला मुलगा असता तर तो याच्यासारखाच दिसला असता, असे उद्गार त्या वेळचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या तोंडून निघाले. सॅनफर्डच्या पोलिसप्रमुखास बाजूस व्हावें लागलें. आणि गव्हर्नरानें नेमलेल्या खास सरकारी वकिलानें ११ एप्रिल रोजीं दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा आरोप ठेवला. सहा स्त्रियांच्या ज्यूरीपुढें खटला चालला व १३ जुलै २०१३ रोजीं आरोपीस निर्दोष म्हणून सोडण्यांत आलें.

ज्यूरीस शिव्या देणारांपैकीं आम्ही नव्हे. ज्यूरीपुढें जो कायदा ठेवला, त्यास धरून तिनें निकाल दिला. फ्लोरिडांत आरोपीनें आत्मसंरक्षणाचा मुद्दा उभा केला कीं, तो खोटा आहे हें निःसंशय सिद्ध करण्याचा बोजा सरकारवर पडतो. आणि ज्या भांडणाचा आरंभ कोणींच पाहिला नाहीं, त्यांत संशयास जागा राहणारच. आमचें भांडण आहे तें कायद्याशीं. पूर्वीं त्या संस्थानांत असा नियम होता कीं, घराबाहेर असतां सुरक्षितपणें मागें हटणें शक्य असेल, तर प्राणघातक शस्त्र चालविण्यापूर्वीं मनुष्यानें मागें हटावें. सन २००५ च्या कायद्यानें हा नियम मोडून, जेथें उभें राहण्याचा हक्क आहे तेथें कोणीहि पाय रोवून उभें राहावें व जिवाचें भय वाजवी वाटल्यास गोळी घालावी, अशी मोकळीक दिली. बचावाच्या वकिलांनीं या कायद्याखालची खटल्यापूर्वींची स्वतंत्र सुनावणी मागितली नाहीं, यास्तव या कायद्याचा येथें संबंधच नव्हता, असें कित्येक म्हणतात. तें बरोबर नाहीं. मागें हटण्याचें कर्तव्य आरोपीवर नव्हतें, हें न्यायाधीशांनीं ज्यूरीस दिलेल्या लेखी सूचनांत स्पष्ट होतें. उलट, स्वतः कुरापत काढणाऱ्याचा हा हक्क मर्यादित होतो, ही सूचना ज्यूरीस द्यावी अशी सरकारी वकिलांनीं केलेली मागणी नामंजूर झाली. सारें मर्म येथें आहे.

न्यायालयाचें घड्याळ कोणत्या क्षणीं सुरू झालें, हें पाहा. प्रश्न असा विचारला गेला कीं, गोळी झाडली त्या क्षणीं आरोपीस जिवाचें भय वाजवी वाटलें काय? त्यापूर्वींचीं सात मिनिटें, म्हणजे पाहणें, संशय घेणें, शिवी देणें, मोटारींतून उतरणें, नको म्हटल्यावरहि ज्या दिशेनें मुलगा गेला त्या दिशेस असणें, हीं सर्व पार्श्वभूमि ठरलीं. होम्स नामक अमेरिकेच्या प्रख्यात न्यायमूर्तींनीं सन १९२१ सालीं लिहिलें आहे कीं, डोक्यावर सुरा उगारलेला असतां माणसानें थंडपणें तोलून विचार करावा, अशी अपेक्षा करतां येत नाहीं. हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. पण सुरा उगारला जाण्यापूर्वीं ज्यास थंडपणें विचार करण्यास पुरेसा वेळ होता, व विचार करा असें ज्यास पोलिसांनीं सुचविलेंहि होतें, त्यास त्या अविचाराचा जाब कोणीं विचारावयाचा?

आणखी असें कीं, भय एकट्या झिमरमनलाच होतें काय? पावसांत, अंधारांत, अनोळखी मोटार आपल्या मागें येते, तींतून अनोळखी पुरुष उतरतो व आपल्या दिशेनें येतो. त्याच्या अंगावर पोलिसाचा पोशाख नाहीं. सतरा वर्षांच्या मुलास याहून भय वाटण्यासारखें आणखी काय घडावयास पाहिजे? त्यालाहि तेथें असण्याचा हक्क होता. पाय रोवून उभें राहण्याचा कायदा जर खरा सर्वांचा असेल, तर तो त्या मुलाचाहि होता. आणि त्यानें ठोसा मारला असेंच धरून चाललें, तरी तो ठोसा आत्मसंरक्षणाचा नव्हता हें कशावरून? पण मेलेल्याचें भय न्यायालयांत कोण मांडणार! दोन भित्र्या माणसांपैकीं जो पिस्तूल घेऊन निघाला होता तो वांचला, आणि जो वांचला त्याचेंच भय कायद्याच्या पुस्तकांत नोंदलें गेलें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं आततायी कोण हें सांगतांना आग लावणारा, विष घालणारा इत्यादिकांच्या पंक्तीस शस्त्रपाणि, म्हणजे मारण्यास शस्त्र हातीं घेऊन येणारा, यासहि बसविलें आहे. त्या रात्रीं त्या वाटेवर शस्त्र कोणापाशीं होतें, हें निराळें सांगावयास नको.

येथें रंगाचा प्रश्न येतो. झिमरमनची आई पेरू देशांतून आलेली, तेव्हां हा गोऱ्याकाळ्यांचा मामला नव्हेच, असें एक म्हणणें आहे. मुलाचा रंग त्यानें स्वतः होऊन सांगितला नव्हता. कारकुनानें विचारला तेव्हां सांगितला. आणि एका मोठ्या वृत्तवाहिनीनें मधला प्रश्न गाळून तें संभाषण लोकांस ऐकविलें, ही आमच्याच धंद्यास काळिमा लावणारी लबाडी झाली. न्याय मागणाऱ्यानें पुरावा कातरला कीं अन्याय करणारास ढाल मिळते. इतकें कबूल करूनहि आम्ही असें म्हणतों कीं, एका माणसाच्या मनांत काय होतें हा लहान प्रश्न आहे. ज्या समाजांत तें मन घडलें, त्याच्या मनांत काय आहे, हा मोठा प्रश्न. सॅनफर्डशेजारीं कृष्णवर्णी लोकांनीं वसविलेलें गोल्ड्सबरो नांवाचें स्वतंत्र नगर होतें. सन १९११ सालीं त्याची सनद काढून घेऊन तें सॅनफर्डानें गिळलें. चेंडूफळीच्या अमेरिकन खेळांतील पहिल्या प्रतीचा खेळाडू जॅकी रॉबिन्सन सन १९४६ सालीं सरावास तेथें आला असतां, धमक्यांमुळें त्यास शहर सोडावें लागलें. अशा गांवीं रात्रीं फिरणारा काळा मुलगा पाहुणा आहे कीं चोर, याचा निकाल पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीं आधींच दिलेला असतो. खटल्यांत न्यायाधीशांनीं फिर्यादी पक्षास असें सांगितलें कीं, आरोपीनें मुलास 'हेरलें' असें म्हणा, 'रंगावरून हेरलें' असें म्हणूं नका. जो शब्द साऱ्या देशाच्या ओंठांवर होता, त्यास न्यायालयाच्या दाराशीं जोडे काढून बाहेर बसावें लागलें!

एका खटल्यावरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. पण फ्लोरिडांतील एका वृत्तपत्रानें सन २०१२ सालीं या कायद्याचा आधार घेतलेले सुमारें दोनशें खटले तपासले, तेव्हां असें दिसलें कीं, मेलेला कृष्णवर्णी असतां मारणारांपैकीं शेंकडा ७३ लोकांस कांहींच शिक्षा झाली नाहीं. मेलेला गोरा असतां हें प्रमाण शेंकडा ५९ होतें. आणि सन २०१७ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित वैद्यक मासिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, हा कायदा आल्यानंतर फ्लोरिडांतील मनुष्यहत्यांचें प्रमाण शेंकडा २४ नीं वाढलें. जो कायदा जीव वांचविण्यासाठीं केला, त्यानें जीव अधिक गेले.

मग उपाय नाहीं काय? आहे, आणि तो शेजारच्या जॉर्जिया संस्थानांत दिसला. २३ फेब्रुवारी २०२० रोजीं अहमॉद आर्बेरी हा पंचवीस वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी तरुण धांवत चालला असतां, तो चोर असावा या संशयानें तिघां गोऱ्यांनीं मोटारींतून त्यास गांठलें व त्यांपैकीं एकानें बंदुकीनें ठार केलें. येथेंहि तेंच गाऱ्हाणें: नागरिकानें केलेली अटक व आत्मसंरक्षण! येथेंहि दोन महिने कोणास अटक नाहीं. पण पाठलागाचें चित्रण मे महिन्यांत बाहेर पडलें, आणि घड्याळ शेवटच्या क्षणाऐवजीं पहिल्या पावलापासून चालूं लागलें. पहिला आगळीक करणारा स्वसंरक्षणाचें नांव घेऊं शकत नाहीं, असा सरकारी वकिलांनीं वाद केला; आणि बारांपैकीं अकरा गोऱ्या पंचांच्या ज्यूरीनें २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं तिघांसहि खुनाचे अपराधी ठरविलें. नागरिकास अटकेचा अधिकार देणारा जॉर्जियाचा कायदा सन १८६३ चा, म्हणजे गुलामगिरीच्या काळचा. तोहि सन २०२१ सालीं रद्द झाला. गोऱ्या पंचांच्या हातून न्याय होतच नाहीं हें म्हणणें यानें खोटें ठरलें. आणि पाठलाग हिशेबांत धरला तर न्याय अशक्य नाहीं, हें खरें ठरलें.

हें सर्व दूरदेशींचें आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी आमच्या वाचकांपैकीं म्हणेल, तर त्यास आम्ही सांगूं कीं, जोतीराव फुल्यांनीं सन १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केलें होतें. दीडशें वर्षांपूर्वीं पुण्यांत बसून ज्यास हें नातें दिसलें, त्याच्या देशबांधवांस आज तें दिसूं नये हें नवल. शिवाय संशयाची नजर फार बारकाईनें पाहत नाहीं. ६ फेब्रुवारी २०१५ रोजीं अलाबामांतील मॅडिसन गांवीं, नातवास सांभाळण्यासाठीं आलेला सत्तावन वर्षांचा एक गुजराती गृहस्थ सकाळीं मुलाच्या घराजवळ फिरत होता. एक काळा माणूस घरांकडे पाहत हिंडतो आहे, असें शेजाऱ्यानें पोलिसांस कळविलें. शिपायानें त्यास जमिनीवर आपटलें व तो लुळा पडला. त्या शिपायाच्या खटल्यांत दोन वेळां ज्यूरीचें एकमत झालें नाहीं व शेवटीं तो सुटला.

आणि आपलें घर तरी स्वच्छ आहे काय? जन्मावरून माणसास चोर ठरविण्याचा कायदा इंग्रजांनीं सन १८७१ सालीं आमच्या फिरत्या जमातींवर लादला. तो सन १९५२ सालीं रद्द झाला. पण कागदावरून पुसलेलें मनावरून पुसलें गेलें नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस मुलें पळविणारे समजून जमावानें ठेंचून मारलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें, चोर फिरत असल्याची अफवा पसरली असतां, दोन साधु व त्यांचा मोटारचालक यांचा तसाच अंत झाला. तेथें पिस्तूल होतें, येथें काठ्या व दगड होते. आधीं संशय, मग पाठलाग, आणि मागाहून "आम्ही गांवाचें रक्षण करीत होतों" हें समर्थन, हा क्रम दोहींकडे एकच.

आमचा कायदा या बाबतींत फ्लोरिडाहून शहाणा आहे. सन १८६० च्या दंडसंहितेचें ९९ वें कलम, जें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ३७ वें कलम म्हणून आलें आहे, असें सांगतें कीं, सरकारी अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्यास वेळ असेल तेथें खासगी संरक्षणाचा हक्क नाहीं. आणि संरक्षणास जरूर त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं. हल्ला झाल्यावर भित्रेपणानें पळून जा, असें आमचीं न्यायालयें कोणास सांगत नाहींत. पण जो स्वतः भांडण विकत घेतो, त्यास तीं हा हक्क देत नाहींत. कायदा शहाणा असून भागत नाहीं, लोकहि शहाणे असावे लागतात.

यास्तव आमचें सांगणें थोडक्यांत असें. पहारा ठेवावा, पण पहारेकऱ्यानें पाहावें व कळवावें, इतकेंच त्याचें काम. पाठलाग करणारास आत्मसंरक्षणाचा पूर्ण हक्क कोणत्याहि देशानें देऊं नये. त्यानें प्रथम मागें हटून दाखवावें. आत्मसंरक्षणाच्या नांवाखालीं झालेल्या प्रत्येक हत्येचा तपास पहिल्या संशयापासून व्हावा, शेवटच्या झटापटीपासून नव्हे. आणि आमचे जे व्यापारी दुकानावर रखवालदार ठेवतात, जे गृहस्थ आपल्या इमारतीच्या फाटकाशीं येणाराजाणाराचें नांवगांव विचारवितात, व जे हातांतील यंत्रावर आलेली अफवा न तपासतां दहा जणांस पाठवितात, त्या सर्वांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: मला जो संशय आला, तो त्या माणसाच्या कृत्यावरून आला कीं त्याच्या कातडीवरून, कपड्यांवरून, जातीवरून आला? कृत्यावरून आला असेल तर पोलिसांस बोलवावें. बाकी कशावरून आला असेल, तर तपास करण्याची जागा रस्त्यावर नाहीं, आपल्याच मनांत आहे.